तक्रारी सगळ्यांच्या, बोलायचं मात्र मीच? (इंदूर, मल्टी, बिल्डर)

माळवी_मावशी

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही इंदुरात बायपासच्या अलीकडे एका मल्टीत राहतो. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: मल्टी म्हणजे अपार्टमेंटची बिल्डिंग. इथे रिक्षावाल्यालासुद्धा असंच सांगायचं असतं.) एकूण ४८ फ्लॅट. ताबा मिळून तीन वर्षं होत आली, पण बिल्डरने अजून काहीही हवाली केलेलं नाही. रहवासी संघ नाही, मेंटेनन्स बिल्डरचीच माणसं घेतात, पावती मागितली की "अगले महीने". दोनपैकी एक लिफ्ट दिवाळीच्या आधीपासून बंद आहे. ब्रोशरमध्ये "नर्मदा जल" असं ठळक छापलं होतं. प्रत्यक्षात बोरिंग आणि टँकर, आणि उन्हाळ्यात नुसताच टँकर. गच्चीची गळती, पार्किंगची भांडणं, ते वेगळंच.

आता मुद्द्याचं. मागच्या मंगळवारी खाली सुंदरकांड होतं. प्रसाद वाटून झाल्यावर सगळ्यांनी मला घेरलं. "भाभीजी, आप ही बोलो बिल्डर से. आप बैंक में थीं, आपको लिखा-पढ़ी आती है." मग दुसऱ्या म्हणाल्या, "और आप मराठी लोग सीधे होते हो, आपकी बात का वो बुरा नहीं मानेगा." हे कौतुक होतं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. घरी येऊन चहा टाकेपर्यंत ग्रुपवर मेसेज: "भाभीजी ने जिम्मा ले लिया है." खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. आणि दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या मॅनेजरचा मला फोन! माझा नंबर कोणीतरी परस्पर देऊन टाकला होता.

तेव्हापासून दाराची बेल थांबत नाही. एकाला वरच्यांच्या वॉशिंग मशीनचा आवाज होतो. एकीला चौकीदार नमस्कार करत नाही. एक भाईसाब म्हणाले टँकर वाढवायला सांगा, त्यांच्याच समोरच्या वहिनी म्हणाल्या टँकरचे पैसे द्यायचे नाहीत असं ठणकावून सांगा. मी दोन्ही एका तोंडाने कसं सांगायचं?

मी एक साधं पत्र लिहून ग्रुपवर टाकलं, सह्या करायला खाली चौकीदाराकडे प्रत ठेवली. अंगठे तीसच्या वर आले. सह्या सात. त्यात आमच्या घरच्या दोन.

मला तक्रारी नाहीत असं नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेत, आम्ही पाचव्या मजल्यावर आहोत, लिफ्ट मला हवीच आहे. पण चाळीस घरांचा राग माझ्या तोंडून बाहेर पडावा हे काही पटत नाही. शेजाऱ्यांशी वाकडं न घेता नाही कसं म्हणायचं? की करावंच हे काम? केलं तर कसं?

आणि कृपा करून मांजर आणि घंटेची म्हण कोणी लिहू नका. ग्रुपवर रोज कोणीतरी लिहितं, आणि लिहिणारा कधीच सही करत नाही.

उगाच_एक

अंगठे तीस, सह्या सात. पूर्ण भारत देश आला यात.

कोथरूडकर

यात एवढं काय आहे? सोसायटी रजिस्टर करा, एजीएम बोलवा, कमिटी निवडा, चेअरमन बोलेल. आमच्याकडे १९६० च्या सहकार कायद्याखाली हे सगळं ठरलेलं आहे. बिल्डर कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर) करून देत नसेल तर त्याच्याशिवाय, डीम्ड कन्व्हेयन्स घ्या.

माळवी_मावशी

@कोथरूडकर, दादा, तुमचा तो कायदा महाराष्ट्राचा. तो नर्मदा ओलांडून इकडे येत नाही. इथे सोसायटी म्हटलं की लोकांना आधी गृहनिर्माण संस्थांचे प्लॉट आणि त्यांचे घोटाळेच आठवतात, सही करायचीच भीती. पण कमिटीचा मुद्दा मान्य आहे. अडचण अशी की कमिटी निवडायला जी मीटिंग घ्यायची, ती "भाभीजी बुलाएँगी".

आडनाव_नको

मी वकिली करते, मध्य प्रदेशातच. रेराच्या (बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण) कामासाठी भोपाळला अधूनमधून जाणं होतं. मावशी, तुमच्या धाग्यात दोन गोष्टी मिसळल्यात त्या आधी सुट्या करते.

एक, तुमची स्वतःची तक्रार. तिच्यासाठी तुम्हाला कोणाची प्रवक्ती व्हायची गरजच नाही. रेरा कायदा २०१६, कलम ३१: ज्याचं नुकसान झालं तो कोणीही तक्रार करू शकतो. एकटा फ्लॅटधारकही करू शकतो, फ्लॅटधारकांचा संघही करू शकतो. प्रकल्प रेरात नोंदलेला आहे का ते आधी बघा, तीन वर्षांपूर्वी ताबा म्हणजे बहुधा असणारच. कलम १४(३) तर तुमच्यासाठी घड्याळासारखं आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत पदरच्या पैशाने दुरुस्त करून द्यायचा असतो, नाहीतर भरपाई. तुमची तीन वर्षं गेली. गळतीची लेखी नोंद आजच करा, ग्रुपचं काय होतंय याची वाट बघू नका.

दोन, सगळ्यांची तक्रार. कलम ११(४) नुसार संघ स्थापन होण्यासाठी लागेल ते करणं हे बिल्डरचं कर्तव्य आहे. आणि संघ कारभार हाती घेईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी दरात चालू ठेवणंही त्याचंच. लिफ्ट त्यात आली. "तुमचा संघच नाही तर मी बोलू कोणाशी" असं तो म्हणत असेल तर त्याच्याच चुकीचा तो फायदा घेतोय.

आता गंमत बघा. हे कलम कोणी वाचतच नाही. १९(९): संघ स्थापन करण्यात प्रत्येक फ्लॅटधारकाने सहभागी व्हायचं आहे, आणि हे त्याच्या कर्तव्यांच्या यादीत आहे, हक्कांच्या नाही. म्हणजे जे तुम्हाला पुढे ढकलून मागे उभे राहिलेत त्यांच्यावरही कायद्याने काम टाकलंय. हे कलम हिंदीत छापून लिफ्टच्या दारावर चिकटवा. बंद असलेल्या.

नोंदणीचं सांगायचं तर आमच्याकडे दोन वाटा दिसतात, प्रकोष्ठ (म्हणजे फ्लॅट) स्वामित्व अधिनियम २००० किंवा सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३. तुमच्या रजिस्ट्रीत (नोंदलेल्या खरेदीखतात) आणि करारात काय लिहिलंय त्यावर ठरेल, कागद दाखवून कोणाला तरी विचारा. दुसरा रस्ता उरकायला वेळ लागत नाही, पण सामाईक जागेच्या मालकीचा प्रश्न उरतो.

अजून एक. ग्रुपवर बिल्डरला "चोर" वगैरे लिहू नका, दुसऱ्यांनी लिहिलं तर "बरोबर" असंही लिहू नका. न्याय संहितेत मानहानी कलम ३५६ मध्ये आहे. ज्याला तक्रार ऐकण्याचा अधिकार आहे अशा अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार त्याच कलमातल्या अपवादात बसते. चाळीस घरांच्या ग्रुपवरची शिवी बसेलच असं नाही. आणि तुम्ही "नेत्या" ठरलात की पहिली नोटीस तुमच्या नावाने येईल, लिहिणाऱ्याच्या नाही.

पिथमपूर_शिफ्ट

मावशी, मी तुमच्या जागी उभा राहून आलोय, फरक इतकाच की मल्टीच्या ऐवजी कंपनी.

पिथमपूरला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. इंदूरहून कंपनीची बस. रात्रपाळी सुटली की बस तासतास यायची नाही, गेटबाहेर उभं राहायला शेड नाही. कँटीनचं तर बोलूच नये. सगळे रोज शिव्या घालायचे. महिन्याची मीटिंग जवळ आली की माझ्याकडे बघायचे, कारण मला बोलता येतं आणि लग्न झालेलं नव्हतं. "तेरा क्या जाएगा, अकेला आदमी है." हे कारण नीट ऐका. माझी बाजू खरी आहे म्हणून मला निवडलं नव्हतं, माझं नुकसान त्यांना स्वस्त वाटलं म्हणून निवडलं होतं. तुमच्याकडचं "मराठी लोग सीधे होते हैं" त्याच जातीचं आहे.

बोललो. मुद्देसूद बोललो. प्लांट हेडने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "और किस-किस को दिक्कत है?" बारा माणसं होती खोलीत. सगळी बूट बघत होती.

नोकरी गेली नाही. पण त्यानंतर मी "नेताजी". कोणी रजा मागितली तरी सुपरवायझर म्हणणार, नेताजीने शिकवलं असेल. बस मात्र वेळेवर यायला लागली, आणि त्यात बसून तीच बारा माणसं मला सांगायची की थोडं नरम बोलायला हवं होतं.

नंतर कळलं की वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती असायलाच हवी. आधी औद्योगिक विवाद कायद्यात ती तरतूद होती, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, जास्तीत जास्त दहा, अर्ज आल्यापासून तीस दिवसांत निकाल. आमच्याकडे समिती कागदावर होती. तिच्यात "कामगारांचे प्रतिनिधी" कोण, हे कामगारांना माहीत नव्हतं. समिती खरी असती तर मला मीटिंगमध्ये उठून शूरपणा करावा लागला नसता. मी आता तिथे नाही, त्यामुळे एवढं लिहितोय.

नवी_आई

"माझं नुकसान त्यांना स्वस्त वाटलं" हे वाचून थांबलेच. ऑफिसात रजेचा प्रश्न आला की "तू बोल, तू आत्ताच मॅटर्निटीवरून आलीयेस, तुला कोणी काही म्हणणार नाही." हो का!

सही_न_केलेली

नवीन आयडी घेऊन लिहितेय, कारण कळेलच. मी इंदूरचीच आहे पण मावशींच्या मल्टीतली नाही. आमच्या टाउनशिपमध्ये असंच पत्र फिरलं होतं, मी अंगठा दिला आणि सही केली नाही. इथे सगळे आम्हाला भित्रे म्हणताहेत म्हणून आमचंही ऐका.

आमच्या एका फ्लॅटची रजिस्ट्री तेव्हा व्हायची होती. पैसे भरलेले, बँकेचा हप्ता चालू, रजिस्ट्री बिल्डरच्या हातात. मिस्टरांचा टाइल्सचा धंदा, त्याच बिल्डरच्या दुसऱ्या साइटवर माल जायचा, त्याची उधारी अडकलेली. मी सही केली असती तर दुसऱ्या दिवशी त्या उधारीचं काय झालं असतं? शेजारी भाडेकरू होते, त्यांना घरमालकाने सांगितलेलं की लफड्यात पडायचं नाही. समोर एक एकट्या बाई होत्या, त्यांचं पार्किंग बिल्डरच्या माणसाने तोंडी दिलेलं, कागद काही नाही. प्रत्येकाच्या न बोलण्याला असं एकेक कारण असतं आणि ते ग्रुपवर लिहिता येत नाही.

आमच्या वतीने जे काका बोलायचे त्यांनी एकदा सगळ्यांसमोर यादी वाचली, कोणी सही केली आणि कोणी नाही. त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या मीटिंगला गेलो नाही. मावशी, तुम्ही ते करू नका.

माळवी_मावशी

@सही_न_केलेली, मनापासून आभार. आमच्याकडे दोन फ्लॅटच्या रजिस्ट्रीचं काहीतरी अडकलंय असं ऐकलं होतं, मी दुवा जोडला नव्हता. यादी वाचणार नाही.

@पिथमपूर_शिफ्ट, "तेरा क्या जाएगा" वाचून आमचे हे खूप हसले. त्यांना वाटतंय तुम्ही आमच्याच मल्टीत राहता.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून. सरकारी खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त. सीएम हेल्पलाइन १८१ चा विषय अजून कसा निघाला नाही याचं आश्चर्य वाटतंय. कोणीतरी तुम्हाला सांगणारच आहे, "भाभीजी, १८१ पर डाल दो." नर्मदेचं कनेक्शन निगमचं (महापालिकेचं) म्हटल्यावर तर नक्कीच. म्हणून टेबलाच्या पलीकडून कसं दिसतं ते सांगतो.

१८१ वरची तक्रार एका मोबाइल नंबरवर चढते. तुम्ही ४८ घरांच्या वतीने केली तरी सरकारदरबारी ती एका नंबरची, म्हणजे तुमची. ती आधी एल-१ अधिकाऱ्याकडे जाते, मुदतीत निकाल लागला नाही की एल-२, एल-३, एल-४ अशी वर चढते. वर चढली की खालच्याची झोप उडते, कारण कोणत्या खात्याच्या किती तक्रारी लोंबकळताहेत यावरून वरून विचारणा होते. मग काय होतं? तक्रारीचं काम करण्यापेक्षा तक्रारदाराला फोन करणं सोपं. "मैडम, काम हो रहा है, आप संतुष्टि दे दो, बंद करवा दो." सकाळी एक, दुपारी दुसरा. मी स्वतः असे फोन केलेत, आमच्या साहेबांसमोर बसून. लोक गोडीत येऊन बंद करायचे.

ज्यांनी तुम्हाला पुढे केलं त्यांच्यातल्या एकालाही तो फोन येणार नाही. म्हणून करायचीच असेल तर दहा घरांनी दहा नंबरांवरून आपापली करावी. पाण्याची पाण्यापुरती, एका वाक्यात मागणी. आणि निगमच्या ३११ ॲपवर आधी टाकून त्याचा क्रमांक जवळ ठेवावा. मंगळवारची कलेक्टर ऑफिसातली जनसुनवाई वेगळी गोष्ट आहे, तिथे चार-पाच जण मिळून उभे राहिले तर परिणाम होतो. एकटी बाई कागद घेऊन गेली की शिक्का मारून पुढच्या टेबलावर.

उगाच_एक

लष्करवाला साहेब, माझी १८१ ची तक्रार तुम्हीच बंद करवलीत का हो? २०१९, स्ट्रीट लाइट.

लष्करवाला

वीज माझ्याकडे नव्हती.

रामबागेतले_आजोबा

मुलांनो, नर्मदेच्या पाण्यावरून विषय निघाला म्हणून. १९७० साली इंदुरात त्या पाण्यासाठी आंदोलन झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून, घाट चढवून पाणी आणायचं म्हणजे वेडेपणा आहे असं म्हणणारे पुष्कळ होते. आठ वर्षांनी, १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचं पाणी आलं. आज तुम्ही ब्रोशरवर छापून विकताय.

तेव्हाही घराघरांत हेच चालायचं, "तुम्ही जा पुढे, आम्ही आहोतच." आमचे वडील दुकान बंद ठेवायला तयार नव्हते. आई म्हणाली, मग पाणी आल्यावर भरायलाही तुम्हीच नळावर उभे राहा. दुकान बंद राहिलं.

मावशी कोणाची मावशी आहे ते माहीत नाही, पण बाई, बोलायचं काम वाईट नसतं. तेवढं म्हणून टाळू नका.

कोथरूडकर

आजोबा, भारी!

मावशी, मघाशी मी जरा घाईत लिहिलं. आमच्या सोसायटीत मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो, त्यातून एक गोष्ट सांगतो जी कायद्यात नाही. लोक तक्रार घेऊन आले की "लिहून द्या" म्हणायचं. फ्लॅट नंबर, तारीख, काय हवंय. निम्म्या तक्रारी तिथेच विरघळतात. उरतात त्या खऱ्या. वॉशिंग मशीनचा आवाज लिहून द्यायला कोणी येत नाही, कारण मग वरच्याला कळतं कोणी दिलं.

सुरसागर

बडोद्याहून. इथे शाळेच्या फीवरून पालकांनी मला पुढे केलं होतं. गुजरातेत २०१७ च्या कायद्याने फी नियमन समित्या आहेत, विभागवार, त्यातली एक बडोद्याला. शाळेने मंजूर फीपेक्षा वेगळी नावं लावून जास्त घेतली असं आमचं म्हणणं. मी कागद गोळा करून समितीकडे गेले. मागे अडीचशे पालकांचा ग्रुप, सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघी.

ते सोडा. मला लिहायचंय ते वेगळं. समोरची बाजू प्रवक्त्याला वेगळं पाडते, आणि तेही रागावून नाही, गोड बोलून. मला बोलावून सांगितलं, "तुमच्या मुलीचं आपण बघून घेऊ ना, बेन." म्हणजे तिच्यापुरती फी कमी. मी नाही म्हटलं, पण तोपर्यंत ग्रुपवर कुजबुज सुरू झाली होती की हिचं "सेटिंग" झालंय. नाही म्हटल्याचा पुरावा काय दाखवणार? मावशी, बिल्डरला एकट्या भेटू नका. चहालासुद्धा नाही.

आडनाव_नको

सुरसागर यांच्या मुद्द्याला जोडून. ग्राहक आयोगात जायचं ठरलं तरी "सगळ्यांच्या वतीने" याला नेमका अर्थ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५(१) मध्ये कोण तक्रार करू शकतो ते दिलंय. समान हित असलेल्या सगळ्यांसाठी एक-दोघांनी जायचं तर आयोगाची परवानगी लागते, बाकीच्यांना सूचना जाते. कोणाला "आम्ही यात नाही" म्हणायचं तर ते येऊन सांगू शकतात. दुसरा मार्ग, दहा-बारा जणांनी आपापल्या सहीने एकत्र तक्रार करायची. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अशी संयुक्त तक्रार चालते, प्रत्येक वेळी प्रातिनिधिकच करावी लागते असं नाही. तुम्हाला हा दुसरा बरा. दहा सह्या म्हणजे दहा पक्षकार. तुमच्या पाठीशी अदृश्य अडतीस घरं आहेत असं भासवायची गरज नाही.

माळवी_मावशी

सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलेत (हो, मी त्या पिढीची). काय केलं ते लिहिते.

रविवारी ग्रुपवर हिंदीत एक मेसेज टाकला. अर्थ असा: मी कोणाचाही जिम्मा घेतलेला नाही. लिफ्ट आणि पाणी ही माझी तक्रार आहे, त्यावर मी बोलणार. ज्यांना आणखी काही म्हणायचंय त्यांनी कोऱ्या कागदावर फ्लॅट नंबर घालून लिहावं आणि बैठकीला स्वतः यावं, मी शेजारी बसेन. ज्यांना यायला जमत नाही त्यांना कोणी कारण विचारणार नाही. खाली १९(९) चा हिंदी मजकूर.

दुपारपर्यंत ग्रुप चिडीचूप. मग चौथ्या मजल्यावरच्या भाईसाबांचं, "हमें तो लगा था आप सबके लिए सोचती हैं." लागलं ते. उत्तर दिलं नाही. एका वहिनींनी ग्रुप सोडला, संध्याकाळी परत आल्या. बेल वाजायची मात्र एकदम थांबली. सासूबाई म्हणाल्या, टीव्ही ऐकू यायला लागला.

कागद अकरा आले. वॉशिंग मशीनवाला नाही, चौकीदारवाली नाही. कोथरूडकर, तुमची आठवण काढली. पाण्याचे सात, लिफ्टचे सगळ्यांतच, गच्चीचे तीन, पार्किंगचा एक. टँकर हवा-नको हे बैठकीआधी आपसात बोलून घ्या, बिल्डरसमोर नको, असं त्या दोघांना सांगितलं. त्यांनी बोलून घेतलं. काय ठरलं ते मी विचारलं नाही.

बैठक बिल्डरच्या ऑफिसात न घेता आमच्या पार्किंगमध्येच घेतली. नऊ जण आलो. मॅनेजर आला तो कचोरीचा डबा घेऊन. बसताबसताच म्हणाला, "मैडम, आप तो समझदार हैं, आपका सीपेज मैं कल ही करवा देता हूँ." सुरसागर, तुम्ही लिहिलेलं शब्दशः! माझ्या घरी सीपेज (गळती) नाहीच. मी तसं मोठ्याने म्हटलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे बोट दाखवलं, सीपेज यांच्याकडे आहे. तो मुलगा आयटीतला, एरवी तोंड उघडत नाही. त्याने मोबाइलवरचे फोटो एकेक करून दाखवले, तारखेसकट. पावसाळ्यापासूनचे. मॅनेजरने त्याच्यासमोर "तेरी तकलीफ समझता हूँ बेटा" केलं, पण पोरगा हटेना. म्हणाला, अंकल, तीस दिन लिखा है कानून में, आज की तारीख डालकर रिसीव कर दो. केलं रिसीव.

पार्किंगवाले मात्र बोलले नाहीत. कागद दिला होता त्यांनी, पण वेळ आली तेव्हा म्हणाले, "हमारा तो छोटा मामला है." मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, मी बोलेन म्हणून. मी नाही बोलले. घरी आल्यावर यांनी विचारलं, बोलायला काय हरकत होती? हरकत काही नव्हती. त्यांचं काय आहे ते मला माहीत नाही आणि त्यांना सांगायचं नाही, मग मी काय बोलू.

सही_न_केलेली

पार्किंगवाल्यांना नंतर एकटं गाठून विचारलंत का? मी असते तर विचारलेलं आवडलं असतं. समोर नाही, नंतर.

माळवी_मावशी

नाही अजून. त्यांच्या घरी या आठवड्यात पाहुणे आहेत. विचारेन.

पिथमपूर_शिफ्ट

"और किस-किस को दिक्कत है" विचारलं का त्याने?

माळवी_मावशी

विचारलं! नऊपैकी सहांनी हात वर केला. बाकीचे तीन आमच्या घरचे आणि समोरचे काका. त्यांना ऐकू कमी येतं.

कोथरूडकर

लिफ्ट?

माळवी_मावशी

मंगळवारी कंपनीचा माणूस येऊन उघडून बघून गेला. पार्ट मागवलाय म्हणाला. पाण्याबद्दल मॅनेजर म्हणाला, निगमकडे पैसे भरलेत. पावती दाखवा म्हटलं तर "अगले हफ्ते". त्यामुळे पाणीवाले सातही जण आपापल्या नंबरांवरून ३११ वर टाकताहेत, मग पुढचं. संघाच्या नोंदणीसाठी आयटीवाल्या पोराने आपण होऊन फॉर्म आणलेत. माझं नाव त्याने अध्यक्ष म्हणून लिहिलं होतं, मी खोडून सदस्य केलं.

@आडनाव_नको, रजिस्ट्रीच्या कागदांबद्दल व्यनि केलाय, सवडीने बघा.